एकच जाळी

कुंपणाच्या जाळीचं भेंडोळं एकच उरलं होतं आणि ते कुठे लावायचं हे शनिवारी चॅटम बेटावरचे सगळे मिळून ठरवणार होते: किनाऱ्यावरच्या मारामाच्या निळ्या फुलांना, की तिचा धाकटा भाऊ टामे डोळ्यांत तेल घालून राखत होता त्या टेकडीवरच्या ताइको या समुद्रपक्ष्याच्या बिळाला. मारामाच्या आईने लावलेला तो ताटवा गेल्या साली रानडुकरांनी अर्धा फस्त केला होता. यंदा कुंपण मिळालं नाही तर उरलेलाही जाणार, म्हणून तिची जीभ जरा जास्तच चालत होती.

“माझं फूल आपल्या वंशात एकटं आहे, एकटं! तुझ्या पक्ष्याला तीसएक चुलतभाऊ. सगळ्या समुद्रांवर हुंदडतायत.”

“चुलतभाऊ काय चाटायचेत? तो स्वतः मूठभर उरलाय,” टामे म्हणाला. “तुझं फूल लंडनच्या बागांतसुद्धा मिरवतंय.”

“तिथे माळ्याच्या लाडानं जगतंय. स्वतःच्या घरी कुठे उरलंय?”

टामेने बेटावर उदंड असलेल्या वेका पक्ष्याचं भाजलेलं तंगडं उचललं. “बीळ एकदा बघ तरी, मग बोल.”

शुक्रवारी ती गेली, खोट काढायलाच. टेकडीच्या पायथ्याशी टामेने तिला बूट तीनदा घासायला लावले. बाहेरचं एक बीही वर जाता कामा नये, हा त्याचाच नियम. पाद्रीबाबांनाही त्याने सोडलं नव्हतं. चढण चढताना मारामाची पुरती दमछाक झाली.

बिळाच्या तोंडाशी पक्ष्याची शीट पडली होती आणि त्या खतावर तिच्याच फुलाची दोन रोपं उभी होती. ताटलीएवढी चकचकीत पानं, एकावर निळा घोस. इतकं तजेलदार रोप तिने आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“सापडलास! लोकांना घासायला लावतोस, आणि स्वतःचे बूट?”

“बूट घासतो गं. बिया खिशात होत्या.” टामे कानापर्यंत लाल झाला. “डुकरांनी ताटवा खाल्ला त्या दिवशी तू जेवली नाहीस. वाटलं, आईचं काहीतरी कुठेतरी राहायला हवं. कुणाला सांगू नकोस, राखणीवरून हाकलतील मला.”

मारामाने बाहीने स्वतःचे डोळे पुसले. “नाक पूस आधी,” ती त्याच्यावरच खेकसली.

शनिवारी सभेत ती सगळ्यांच्या आधी उठली. “जाळी टेकडीवर लावा.”

“आणि तुमची फुलं?” मागून कुणीतरी विचारलं.

“त्यांचं मी बघते,” मारामा म्हणाली आणि खाली बसता बसता तिने टामेच्या खिशात मूठभर बिया सोडल्या.