मखमलीला हात लावायचा नाही

मी खुर्ची बोलतेय. आणि आधीच सांगते, दोन वर्षं बोलतच होते, पण माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मी करकरले, तर सांध्यांत तेल ओतलं. डुगडुगले, तर पायाखाली पुठ्ठा सारला. इथं झाडलोट करणाऱ्या बाईचं कुणी खरं मानत नाही, तिथं लाकडाची काय कथा!

माझं शिक्षण चौथीपर्यंत. म्हणजे एका शाळेत चौथीच्या वर्गात बाईंची खुर्ची म्हणून मी बारा वर्षं काढली. तेच पाढे, त्याच कविता बारा वेळा ऐकल्या. त्यामुळे जे येतं ते पक्कं येतं. पुढे शाळेत नवं सामान आलं आणि मला या सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाकलं.

इथल्या ग्रंथपालांनी माझे रुंद हात पाहिले आणि ठरवलं, ही लेखकांची खुर्ची. मला पॉलिश केलं. लाल मखमलीची गादी आणली, मागून चेन असलेली, कोपऱ्यांना बंद असलेली. गाठी मारून ती मला बांधून टाकली आणि कायदा केला, "मखमलीला हात लावायचा नाही. पाण्याचा थेंबही नको. वरून ब्रश फिरवायचा, बस्स."

हा कायदा ऐकणारी बाई म्हणजे मावशी. खरी कुणाची मावशी ते मला ठाऊक नाही, पण वाचनालयात लहानथोर सगळ्यांची मावशीच. नऊ वर्षं ती इथली फरशी पुसते. वाचक छत्र्या विसरतात, चष्मे विसरतात, एका बाईंची सोन्याची अंगठी मासिकांच्या ढिगात सापडली होती. मावशीनं सगळं जसंच्या तसं काउंटरवर आणून दिलं. तिच्या घरात नोकरी म्हणजे हीच एक, आणि अब्रूही हीच एक.

आता लेखकांचं सांगते. महिन्याला एक तरी येतोच. "मी दोनच शब्द बोलणार आहे," असं म्हणाला की समजावं, आता तासाची निश्चिंती. पुढच्या रांगेत एक आजोबा बसतात, ते पहिल्या वाक्याला डोळे मिटतात आणि टाळ्यांना उघडतात. प्रश्न विचारा म्हटलं की एक गृहस्थ उठून स्वतःचंच चरित्र सांगतात आणि शेवटी म्हणतात, "तर यावर आपलं काय मत?" मग चहा. चहाच्या टेबलाकडे माणसं अशी धावतात की भाषण बिस्किटांचंच होतं असं वाटावं. आणि मग सह्या. एक बाई म्हणाल्या होत्या, "सुनेच्या नावानं सही द्या. पुस्तक तिला देते, मला कुठं वाचायला वेळ आहे?"

या वाचनालयाची एक रीत आहे. येणाऱ्या लेखकानं सही केलेली एक प्रत व्यासपीठावर भेट द्यायची, फोटो काढायचा आणि कार्यक्रम संपल्यावर मावशीनं ती प्रत सहीच्या कपाटात ठेवायची. काचेचं कपाट, कुलूप घातलेलं. आत गेलेल्या पुस्तकाला जन्मठेप. ते कुणी वाचत नाही, कारण वाचलं तर खराब होईल.

दोन वर्षांपूर्वी एक लेखक आले. त्यांचं नाव पुस्तकाच्या शीर्षकापेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, म्हणून मी वेगळं सांगत नाही. कादंबरी पाचशे पानांची. ती मावशीनं टेबलावर उचलून ठेवली आणि कंबर धरून म्हणाली, "आले वाटतं पाचशेपाने!" तेव्हापासून आमच्या दोघींत त्यांचं नाव तेच पडलं.

भाषण झालं, भेटीची प्रत दिली, फोटो निघाला. सगळे चहाकडे पळाले. पाचशेपाने सह्यांसाठी माझ्यावर येऊन बसले आणि टेबल त्यांच्या हनुवटीला लागलं. अंगानं बुटके, त्यात टेबल उंच. पुस्तकाच्या मागे नुसते केस दिसत होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर भेटीची प्रत होती. पटकन उठले, माझ्या गादीची चेन ओढली, पुस्तक आत सारलं, चेन लावली आणि वर चढून बसले. झाले उंच! पुढचा तासभर काय रुबाब! आणि निघताना आतलं पुस्तक साफ विसरून गेले.

मावशीनं त्याच दिवशी ग्रंथपालांना सांगितलं, "साहेब, भेटीचं पुस्तक टेबलावर नव्हतं हो."

"असेल तिथंच. कपाटात ठेवून टाका."

"काय ठेवू? हवा?"

ग्रंथपाल फोनवर होते. विषय संपला.

त्यानंतर माझ्यावर जो बसला तो अवघडला. एका कवयित्रीनं तर उभ्यानंच कविता म्हटल्या, लोकांना वाटलं केवढा आवेश! मावशी ब्रश फिरवताना दोनदा म्हणाली, "गादी फळीसारखी लागतेय, खोळ काढून धुते." ग्रंथपाल दोन्ही वेळा म्हणाले, "मावशी, मखमलीला हात लावायचा नाही."

आणि यंदा पाचशेपाने पुन्हा आले. दुसरा भाग घेऊन. त्यांना दोन्ही हातांत दोन्ही भाग धरून फोटो हवा होता. कपाट उघडलं, तर पहिल्या भागाची जागा रिकामी.

"मावशी!" ग्रंथपालांचा आवाज सभागृहभर गेला. "पुस्तक कुठंय?"

"मी तेव्हाच सांगितलं होतं, साहेब."

"कधी? मला तर आठवत नाही. रद्दीत घातलंत ना?"

पाचशेपान्यांनी मान हलवली. "अहो, वाचता न येणाऱ्यांच्या हातात पुस्तकं दिल्यावर दुसरं काय होणार?"

"चौथी पास आहे मी," मावशी म्हणाली. "पुस्तकावर तुमचं नाव वाचता येतं. त्याच्या पुढचं वाचायची अजून गरज पडली नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. ग्रंथपालांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांसमोर म्हणाले, "पुस्तक सापडेपर्यंत उद्यापासून येऊ नका."

मावशीनं सभागृहाकडे पाहिलं. ज्या छत्र्या तिनं परत केल्या होत्या, त्यांचे मालक त्या सभागृहात बसले होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मी करकरले. लगेच कुणीतरी म्हणालं, "खुर्चीला तेल घाला हो."

भाषण झालं. चहा झाला. मावशी डोळे पुसत उष्टे कप गोळा करत होती. इकडे सह्यांची रांग लागली. पाचशेपाने माझ्यावर टेकले, कोपरं ऐसपैस टेबलावर ठेवली आणि खूश होऊन म्हणाले, "मागच्या वेळी बसल्या बसल्या हे टेबल माझ्या हनुवटीला लागलं होतं. आता कसं झकास! नवीन आणलंत वाटतं?"

"नाही साहेब, तेच आहे," ग्रंथपाल म्हणाले.

मावशी कपांचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. ट्रे तिनं सह्यांच्या पुस्तकांवरच ठेवला.

"टेबल तेच. खुर्ची तीच. मग साहेब, दोन वर्षांत तुम्ही वाढलात का?"

"म्हणजे काय?"

"उठा."

"अहो, मी सही करतोय!"

"उठा म्हणते ना! उद्यापासून यायचं नाही मला. जाता जाता तेवढी गादी धुवायला काढते, कधीची राहिलीय."

"मावशी," ग्रंथपाल ओरडले, "मखमलीला हात..."

"लावला!"

तिनं बंद सोडले नाहीत, तोडलेच. चेन ओढली. आतून पुस्तक बाहेर आलं, मधोमध खड्डा पडलेलं, आमच्या सगळ्या पाहुण्यांच्या वजनाचा हिशेब अंगावर घेऊन. रांगेतल्या एका मुलीनं पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "वाचनालयास सप्रेम. या पुस्तकाला वाचकांच्या हृदयात जागा मिळो."

झोपाळू आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्यांशिवाय जागे झाले. म्हणाले, "हृदयात नाही, जरा खाली मिळाली."

सभागृह असं हसलं की माझे चारही पाय थरथरले. पाचशेपाने म्हणाले, "कुणाचा तरी खोडसाळपणा आहे." ग्रंथपाल म्हणाले, "अगदी बरोबर, साहेब." आणि मावशीला, जणू उपकार करावेत तसं, "या हं उद्या." एवढंच. चुकलो, हा शब्द दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. हजार पानं लिहिणाऱ्याला तेवढा एक सुचू नये!

आता मी मागच्या खोलीत असते, बादल्या आणि फडक्यांजवळ. सभागृहात चाकांची नवी खुर्ची आलीय, दांडा दाबला की वर जाणारी. लेखकांची सोय झाली. गादी धुतली आणि मखमल विटली, तेवढं मात्र ग्रंथपालांचं खरं निघालं. दुपारी मावशी माझ्यावर बसून चहा पिते. तिच्या वजनाला मी करकरत नाही. तुम्ही कधी अशा कार्यक्रमाला गेलात तर टाळ्या जरूर वाजवा, पण कप उचलणारी बाई काही सांगत असेल तर आधी ते ऐका. माझं मागणं एवढंच.

काल मावशीनं कपाटावरची हरवलेल्या वस्तूंची वही पुसायला खाली घेतली. त्यात ग्रंथपालांच्या अक्षरात लिहिलं होतं, "पुस्तक गहाळ होण्यास जबाबदार: खुर्ची, जुनी."

मावशीनं ते दोनदा वाचलं. मग माझ्यावर नीट बसली, पेन्सिल घेतली, माझं नाव खोडलं आणि चौथीत गिरवलेल्या ठसठशीत अक्षरांत शेजारी लिहिलं, पाचशेपाने.