गुळाची सवलत

"आजपासून या घरात साखर बंद म्हणजे बंद!" इब्राहीमभाईंनी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला. वाया घालवणं बरं नव्हे.

कळमनुरीत त्यांचं दोरखंडाचं दुकान. बैलांच्या वेसणी विकण्यात हयात गेली, पण बैलाचं नाक टोचून वेसण घालताना हे तोंड फिरवून उभे राहायचे. अशा माणसाला डॉक्टर प्रतीक्षाबाईंनी सांगितलं होतं, "चाचा, पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर रोज इंजेक्शन."

दुसऱ्या दिवसापासून इब्राहीमभाई पहाटे चालायला निघाले. बाजाररस्त्याला लागले की पहिलंच घर सुदामचं.

"चाचा, काहून पळून राहिले? या, चहा घ्या."

"न्हाई रे, साखर हाये मला."

"मंग साखरेचा कोण देऊन राहिलं? गुळाचा टाकतो की!"

एवढ्या मायेनं बोलावल्यावर पुढं जाणारा माणूस कळमनुरीत अजून जन्मायचा आहे. बातमी पसरली. आळीत ज्याच्या-त्याच्या घरी गुळाची ढेप आली. दुखणं एकाचं, पण पथ्य सगळे पाळू लागले. इब्राहीमभाई एका ओसरीवरून उठत आणि दुसरीवर बसत. घरी परतेपर्यंत पार थकून जात.

तपासणी झाली. साखर चढली होती.

"चालत नाही का, चाचा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रोज! दोन-दोन तास!"

"दोन तास जातात खरं," सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी खतीजाबी म्हणाल्या, "पर त्यात चालणं कमी, बसणंच जास्त."

"आणि चहा?"

"साखरेचा एकबी न्हाई. बराबर गुळाचा," इब्राहीमभाई म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "चाचा, गूळ काय अन् साखर काय, रक्तात गेल्यावर सारखंच. गोळ्या वाढवते. ही शेवटची संधी, मग सुई."

मग खतीजाबींनी कारभार हाती घेतला. पहाटेचा रस्ता बदलला. हळदीच्या रानामधून पांदीच्या अरुंद वाटेनं जायचं, जिथं ओसरीच नाही. पुढं इब्राहीमभाई, मागं त्या. ताटात भाकरी अर्धी, पालेभाजी दुप्पट. एकदा सुदामनं आपल्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, हाक मारलीच, "चाचा, किटली आणलीय!"

"भाऊ, तुमी हळद काढा," खतीजाबी म्हणाल्या.

आळीत बोलणं सुरू झालं की इब्राहीमभाईंना घमेंड चढली, कोणाच्या दारात पाय ठेवत न्हाईत. हे ऐकून त्यांना फार तकलीफ झाली. पण सुई आठवली की पाय आपोआप पांदीकडं वळत.

तीन महिन्यांनी साखर उतरली. सुई टळली. इब्राहीमभाईंनी दवाखान्याबाहेर बसलेल्या पेशंटांसमोर तिथंच भाषण ठोकलं. "माणसाचा इरादा पक्का पायजे! जिभेवर ताबा पायजे! माझ्याकडं पहा, मला कोणी सांगायची गरज पडली न्हाई!" खतीजाबी गोळ्या पिशवीत भरत होत्या. पेशंट भारावून गेले. एकानं तर टाळी वाजवली.

मग इब्राहीमभाई पुन्हा आत गेले, दार लोटून घेतलं आणि टेबलावर वाकून हळूच म्हणाले,

"डॉक्टरबाई, इतकी खाली उतरली, तर ईदीला वाटीभर शिरखुर्म्याची जागा झाली असंल ना? तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. हिला दाखवायला."