पंधरा फेऱ्या

आखातात, शुक्रवारी सकाळी सुलैबियाच्या पलीकडच्या मोकळ्या रेतीवर एकाच वेळी सात-आठ सामने चालत. मैदान असे नव्हतेच. सिमेंटची एक पट्टी, तिच्यावर ताणून ठोकलेली काथ्याची चटई आणि सीमारेषा म्हणून रंगाचे रिकामे डबे. एका सामन्याचा चेंडू दुसऱ्यात शिरला की तीन-चार भाषांतल्या शिव्या ऐकू येत. जगन्नाथ खानविलकर हातात वही घेऊन या गर्दीतून सावकाश हिंडत असे.

मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात कामे घेणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत तो स्टोअरकीपर होता. पण कंपनीत त्याला मान होता तो शुक्रवारच्या कामासाठी. तरुणपणी तो रत्नागिरी जिल्ह्याच्या संघात यष्टिरक्षक होता आणि गोलंदाजाचे मनगट पाहून त्याचे पुढचे पाणी ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती. चार कंपन्यांनी मिळून हिवाळी स्पर्धा सुरू केली होती. दरवर्षी सप्टेंबरअखेर चारही संघांचे लोक एका सभागृहात जमत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवत आणि पाळीपाळीने नवे खेळाडू उचलत. ज्याचे नाव पुकारले जाई त्याचे दिवस पालटत. जुन्या मालकाकडून सुटका, कंपनीचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, उन्हातल्या कामाऐवजी ऑफिसातली खुर्ची आणि फहाहीलच्या फ्लॅटमध्ये थंडगार खोली. म्हणून जलीबच्या कामगारवस्तीत एकेका खोलीत बारा-बारा जण झोपणारी पोरे शुक्रवारी जीव तोडून खेळत आणि वहीवाल्या माणसाकडे चोरून पाहत.

१९९९ च्या सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी जगन्नाथ एका चटईपाशी थबकला तो तासभर हललाच नाही. एक सडपातळ पोरगा अवघ्या दहा पावलांच्या धावेने चेंडू टाकत होता आणि तो चटईवरून असा काही आत वळत होता, की समोरचा फलंदाज दर वेळी बॅटकडे संशयाने पाही.

"नाव काय रे?"

"सुदेश तांबे."

"गाव?"

"मंडणगड तालुका."

"लेदरचा बॉल कधीपासून टाकतोस?"

"हितं आल्यावरच धरला. गावात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटी खेळायचो. इथं सळया बांधतो, स्टील फिक्सर हाय."

जगन्नाथने त्याचा हात धरून मनगट वळवून पाहिले. दिवसभर पक्कड पिळणाऱ्या हाताचे मनगट होते ते. त्याला हसू आले. बावीस वर्षांत असा गोलंदाज त्याने पाहिला नव्हता.

सुदेशचा थोरला भाऊ काशिनाथ जवळच उभा होता. तो सेंटरिंगचा सुतार. भावाला त्यानेच इकडे आणले होते. तो पुढे येऊन म्हणाला, "साहेब, घेनार असाल तर बोला. नायतर उगा पोराच्या डोक्यात भरू नका."

"घेणार म्हणजे? पहिलं नाव याचंच पुकारायला लावतो," जगन्नाथ म्हणाला. त्या क्षणी ते त्याच्या मनापासूनच आले होते.

त्याच दुपारी तो सुदेशला आपल्या संघाच्या फहाहीलच्या फ्लॅटवर घेऊन गेला. संघाचे सर्वेसर्वा बाळासाहेब मोहिते तिथे जेवायला येत. कंपनीत ते मोठे इंजिनिअर होते. कोणाचा करार वाढवायचा आणि कोणाचा नाही, हे त्यांच्या सहीवर ठरे. त्यांनी सुदेशला अर्धा तास गॅलरीत चेंडू टाकायला लावला आणि खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "जगन्नाथ, हिरा आणलात! चल रे, जेवायला बस."

फ्लॅटचा स्वयंपाकी गणपत सुरमईची आमटी वाढत होता. तोही त्याच तालुक्यातला.

"मंडनगडात कुठं रे?" त्याने विचारले.

सुदेशने गावाचे नाव सांगितले.

"आनि वाडी कुठली?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कशासाठी असतो ते सांगावे लागत नाही. ताटावर बसलेल्या संघातल्या सात जणांनीही मान वर केली. सुदेशने घास गिळला आणि सरळ उत्तर दिले, "बौद्धवाडी."

गणपतने पुढच्या ताटांत आमटी वाढली. सुदेशच्या ताटात मात्र पळी उंचावरून रिकामी झाली आणि थेंब त्याच्या शर्टावर उडाले. जेवण झाल्यावर सुदेश आपले ताट घासायला उठला, तेव्हा गणपत म्हणाला, "राहू दे, तिथंच ठेव." सुदेश निरोप घेऊन निघून गेला. जगन्नाथ हात धुवायला मोरीत गेला, तर स्टीलचे ते चांगले ताट कचऱ्याच्या पिशवीत खोचलेले दिसले. त्याने ते पाहिले आणि रुमालाला हात पुसत बाहेर आला.

बाळासाहेबांनी त्याला बाजूला घेतले. "मला स्वतःला काही नाही हो. मी या गोष्टी मानतच नाही. पण पोरांना एका स्वयंपाकघरात जेवायचंय, एका खोलीत निजायचंय. आत्ताच दोघं मला म्हणाले, तो येणार असेल तर आम्ही दुसऱ्या संघात जातो."

"पण साहेब, असा बॉलर..."

"म्हणूनच तर म्हणतो, कागदावर कारण स्वच्छ हवं. आपण सोडला आणि दुसऱ्या संघानं उचलला तर आपलंच हसं. क्षमतेवर बाद करू. चाळीस मिनिटांत मैदानाच्या पंधरा फेऱ्या. येत्या शुक्रवारी दुपारी दोनला."

"दोनला? बाकीच्यांची चाचणी तर सकाळी सहाला घेतली. आणि फेऱ्या पाचच होत्या."

बाळासाहेब हसले. "तुमचा करार नोव्हेंबरात संपतो ना?" एवढेच त्यांनी विचारले.

जगन्नाथची बायको तारा एका सरकारी इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स होती. गुरुवारी संध्याकाळी त्याने तिला चाचणीची वेळ सांगितली, तेव्हा ती कणीक मळता मळता थांबली.

"दुपारी दोनला? वेड लागलंय का? या महिन्यात उन्हानं पडलेली चार माणसं आणलीत आमच्याकडे. दोघंच चालत घरी गेले."

"साहेबांनी ठरवलंय."

"आणि तुम्ही काय ठरवलंय?"

जगन्नाथ टीव्हीचा आवाज वाढवून बसला. मुलगी योगिनी दहावीला होती, तिची शाळा, हे घर, ताराची नोकरी, सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले. माणूस अशा वेळी आपल्या संसाराची फार चांगली कारणे शोधून काढतो. त्यानेही काढली.

शुक्रवारी दोन वाजता पारा पंचेचाळीसच्या वर होता. सकाळचे सामने संपून रेती ओस पडली होती. बाळासाहेब गाडीत एसी लावून बसले होते. जगन्नाथ गाडीच्या सावलीत घड्याळ घेऊन उभा राहिला. काशिनाथला त्या दिवशी साइटवर ओव्हरटाइम होता. सुदेश बसने एकटाच आला. त्याने नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते. इतर कोणी दिसत नाही हे पाहून त्याने विचारले, "बाकीची पोरं?"

"त्यांची झाली," जगन्नाथ म्हणाला.

सुदेश पळू लागला. पहिल्या पाच फेऱ्या तो सहज पळाला. सातवीपासून त्याचे तोंड उघडे पडले. अकराव्या फेरीला त्याचा शर्ट, जो आधी घामाने चिंब झाला होता, तो अंगावरच वाळला आणि पाठीवर मिठाचे पांढरे डाग उमटले. घाम थांबला म्हणजे काय होते ते ताराने जगन्नाथला कितीदा तरी सांगितले होते. त्याने गाडीकडे पाहिले. काच वरच होती. तेराव्या फेरीला सुदेश वेडावाकडा पळत होता, पण पळत होता. पंधरावी फेरी पुरी करून तो गाडीपुढे गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. घड्याळात अडतीस मिनिटे आणि काही सेकंद झाले होते.

काच चार बोटे खाली आली. "किती झाल्या?"

"पंधरा, साहेब," सुदेश धापा टाकत म्हणाला. तो हसतही होता.

"तुला नाही विचारलं. जगन्नाथ, मी चौदा मोजल्या. तुम्ही किती मोजल्या?"

जगन्नाथने प्रत्येक फेरीला वहीत रेघ मारली होती. पंधरा रेघा त्याच्या अंगठ्याखाली होत्या. दोन माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत होती; एकाच्या हातात त्याची नोकरी होती आणि दुसऱ्याचा त्याच्यावर विश्वास होता.

"चौदा," तो म्हणाला.

सुदेशने त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर जगन्नाथला पुढे झोप तरी लागली असती. पण त्या पोराला खरेच वाटले, की आपलेच मोजणे चुकले. "असंल," तो पुटपुटला आणि पुन्हा पळत सुटला.

अर्ध्या फेरीवर तो थांबला. दोन पावले उलट दिशेने चालला, कोणाला तरी हाक मारल्यासारखा हात वर केला आणि तोंडावर पडला. जगन्नाथ धावत गेला. पोराचे अंग तव्यासारखे तापले होते आणि डोळे पांढरे झाले होते. बाळासाहेब गाडीतून उतरले नाहीत. सीटवर उलटी होईल म्हणून त्यांनी मागे आधी प्लॅस्टिक अंथरायला लावले आणि मगच त्याला आत घ्यायला परवानगी दिली.

तारा ड्युटीवरच होती. तिने बर्फ लावला, सलाईन लावले, डॉक्टरांना बोलावले. मग दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळून तिने विचारले, "कोणी पळवलं याला?"

"तो... आपणच सराव करत होता."

"हे मला सांगताय? मला!" तारा म्हणाली आणि पडदा ओढून आत गेली.

रविवारी सकाळी सुदेश गेला. त्याचे वय तेवीस होते. काशिनाथ दोन दिवस इस्पितळाच्या ओसरीत बसून होता. तो रडला नाही. दिसेल त्याला एकच गोष्ट सांगत राहिला. "गुरुवारी बोलला माझ्याशी. म्हनला, दादा, जातीचा प्रश्न असता तर भ्यालो असतो. पन पळायचंच हाय ना, मग मी पास होनारच."

सोमवारी ऑफिसात बाळासाहेबांनी एक टाइप केलेला कागद जगन्नाथपुढे ठेवला. सदर इसम स्वतःच्या मर्जीने भर उन्हात सराव करीत होता, असे त्यात होते. खाली साक्षीदार म्हणून जगन्नाथचे नाव होते. जगन्नाथने विचार करायला एक दिवस मागितला आणि कागद घरी आणला. ताराने तो वाचला.

"सही करायची तर करा," ती म्हणाली. "त्याच्या केसपेपरवर मी वेळ आणि कारण लिहून ठेवलंय, ते मी बदलणार नाही. आणि सही केलीत तर माझ्या समोर जेवायला बसू नका."

जगन्नाथने सही केली नाही. त्याने चार पानांवर सगळे लिहून काढले, ताट टाकून दिल्यापासून ते प्लॅस्टिक अंथरण्यापर्यंत, आणि चौदा हा शब्द कोणी उच्चारला तेही. एक प्रत त्याने दूतावासात दिली. दुसरी घेऊन तो जलीबला काशिनाथच्या खोलीवर गेला. काशिनाथने दाराशी उभ्या उभ्याच ती वाचली.

"तुमी चौदा म्हनलात?"

"हो."

"माझा भाऊ दहावी पास व्हता. त्याला पंधरापर्यंत मोजता येत व्हतं." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "बॉडी बुधवारी जाईल. तुमी एअरपोर्टवर येऊ नका."

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी सभागृहात खेळाडूंची वाटणी झाली. शंभरावर माणसे होती. पहिली पाळी बाळासाहेबांच्या संघाची आली. ते नाव पुकारायला उठले आणि तेवढ्यात मागच्या रांगेत जगन्नाथ उभा राहिला.

"पहिलं नाव सुदेश तांबेचं होतं," तो म्हणाला. "तो पास झाला होता. बौद्धवाडीतला आहे म्हणून आम्ही त्याला पळवून मारला. साहेबांनी आणि मी."

सभागृहात चुळबुळ झाली. संचालन करणारा गृहस्थ कसलेला होता. त्याने माइक जवळ ओढला. "एका उमद्या खेळाडूच्या अकाली निधनाबद्दल आपण सर्व एक मिनिट उभे राहू या."

"उभे राहू नका!" जगन्नाथ ओरडला. "बसा आणि सांगा. तुमच्यापैकी किती जणांना तो शेजारच्या ताटावर चालला असता? हात वर करा!"

एकही हात वर आला नाही. लोक उभे राहिले, घड्याळाकडे पाहत मिनिट भरले आणि बसले. मग बाळासाहेबांनी दुसऱ्या एका मुलाचे नाव पुकारले आणि टाळ्या वाजल्या.

आठवड्याभरात जगन्नाथचा करार रद्द झाला. चौकशी लांबत गेली आणि कुठेतरी फायलीत थांबली. फेब्रुवारीत बाळासाहेबांच्या संघाने चषक जिंकला. तारा मुलीची परीक्षा होईपर्यंत तिथेच राहिली. जगन्नाथ मात्र ऑक्टोबरातच एकटा परत आला आणि रत्नागिरीत न थांबता मंडणगडला गेला. नोकरी गेल्याचे त्याला फारसे दुःख नव्हते. आपण सगळे कबूल केले, या विचाराने त्याला थोडे हलकेही वाटत होते.

सुदेशची आई द्वारका अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होती. त्याने नाव सांगितले. तिने त्याला आत बोलावले नाही आणि जा असेही म्हटले नाही. त्याने चार पानांतले सगळे उभ्याने सांगितले. ती पेंढ्या रचता रचता ऐकत होती. तो थांबल्यावर तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले.

"पळताना त्यानं पानी मागितलान व्हता का?"

हे त्याला दूतावासात कोणी विचारले नव्हते. काशिनाथने विचारले नव्हते. ताराला त्याने सांगितले नव्हते आणि त्या चार पानांतही ते कुठे नव्हते.

"हो," तो म्हणाला. "दहाव्या फेरीला."

"मग?"

"गाडीत बाटल्या होत्या. मी... नाही दिलं."

द्वारकाने हातातली पेंढी खाली ठेवली.

"ता पन लिवा," ती म्हणाली. "आत्ता, हितंच. मला वाचून दाखवा आनि मगच जावा."

जगन्नाथ अंगणातल्या मातीत बसला, मांडीवर कागद घेतला आणि लिहू लागला.