गडग्यातला पिंजरा

त्या सकाळी अर्ध्या पिंजऱ्यात होतं ते एवढंच: पाण्याची बाटली एक, जवळजवळ भरलेली. गवताची जुडी एक, तोंड न लावलेली. कोथिंबिरीच्या काड्या सात, सुकलेल्या. लेंड्या चार, त्याही बारीक. आणि गिनी पिग एक. पूर्वी पिंजरा अख्खा होता, तेव्हा दोन असत.

स्वानंदीने बोंडूला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. आठशे नव्वद ग्रॅम. दिवाळीत तो हजाराच्या वर होता. ती प्राणिशास्त्राची पदवीधर. या जनावराचं पोट रिकामं राहिलं की आतडी थंडावतात आणि मग फार वेळ मिळत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं.

"आजार काही दिसत नाही," ते म्हणाले. "याची सोबत गेलीय का कुठे?"

सोबत गेली होती हद्दीच्या दगडी गडग्यापलीकडे, काकांच्या घरी. बोंडू आणि आठळ्या, दोन्ही नर, स्वानंदीने आणि तिची चुलत बहीण आरोही हिने मिळून पाळलेले. वयात आल्यावर दोघे एकमेकांना फाडायला उठले. बोंडूचा कान फाटला तेव्हा स्वानंदीने लांबलचक पिंजरा करून घेतला आणि मधे जाळी बसवली. तेव्हापासून दोघे जाळीला पाठ टेकून झोपत. एकाने गवत ओढलं की दुसराही ओढी.

मग बाबांची आणि काकांची वाटणी झाली. काकांनी शेजारी घर बांधलं. भांडी मोजली, कलमं मोजली, आणि शेवटी काकांनी करवत आणून पिंजराही मधोमध कापला. जाळी इकडच्या अर्ध्याला राहिली, तिकडच्या अर्ध्याला प्लायवूड ठोकलं.

"नाहीतरी भांडतातच ना दोघं?" काका म्हणाले होते. "आता राहतील सुखात."

डॉक्टरांकडून आल्यावर स्वानंदी बाबांपुढे जाऊन उभी राहिली. ते पडवीत सुपारी कातरत होते.

"आठळ्याला याच्या शेजारी ठेवायला हवं."

"त्या घरातलं काही या अंगणात येणार नाही," बाबा म्हणाले. "आणि आपलं काही तिकडे जाणार नाही."

तिने आरोहीला फोन केला. काकांनी तिला शब्दाला शब्द हेच सांगितलं होतं.

"चला, एका गोष्टीवर तरी एकमत आहे," स्वानंदी म्हणाली. "आरोही, अंगण नाही तर नाही. गडगा कोणाचा गो?"

"दोघांचा."

"मग झालं तर."

गडगा जांभ्या दगडांचा, मातीचुन्याशिवाय नुसता रचलेला. हाताने दगड निघाले असते. पण जमिनीच्या सरकारी मोजणीचा अर्ज गेलेला होता, आणि अशा वेळी गडग्याचा दगड हलवणं म्हणजे हद्द सरकवणं, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणून होतं. त्या गडग्याला दोन्ही घरांतलं कोणी टेकतही नसे.

रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, दोघींनी गडग्याच्या मधोमध हद्दीची दोरी ताणली आणि स्वानंदीने फणसाखालचा पहिला दगड काढला. प्रत्येक दगडावर खडूने आकडा घातला. सम आकड्यांचे दगड अलीकडे रचले, विषम पलीकडे आरोहीने. फट पिंजऱ्याच्या रुंदीएवढी झाली तशा त्या थांबल्या.

आवाज ऐकून बाबा बाहेर आले.

"काय चाललंय गो हे?"

"पिंजरा बसवतेय."

"दगड ठेव जाग्यावर."

"नाही ठेवणार."

बाबांनी एकदा मागे वळून पाहिलं, जणू हे दुसरंच कोणी बोललं. तोवर पलीकडून काका मोबाईल धरूनच आले. ते चित्रण करत होते.

"हद्द फोडलीत," ते मोबाईलला सांगत होते. "हे सगळं तारखेसकट येतंय."

"काका, जरा खालीही घ्या," स्वानंदी म्हणाली. "दोरी ताणलीय तीही येऊ दे. दगड काढलेत, रेघ तिथेच आहे."

दोघींनी दोन्ही अर्धे फटीत आणले. आरोहीने प्लायवूड उचकटून काढलं. जाळी बरोबर दोरीवर आली, आणि चार बोल्टांनी पिंजरा पुन्हा एक झाला.

"एका उंदरापायी कोर्टात उभं करशील मला," बाबा म्हणाले.

"उंदीर नाही तो. आणि कोर्टात तुम्ही तसेही जाणारच आहात."

बाबा आत गेले. पाना घेऊन आले आणि जाळीजवळ उकिडवे बसले. त्यांनी नट पिळला. नट फिरला. ते पिळत राहिले, नट फिरत राहिला आणि जरासुद्धा सैल होईना. पलीकडे काकाही उकिडवे बसून बोल्टाच्या माथ्याशी झटत होते. तोही जागच्या जागी गरगरत होता.

"नट या बाजूला आहेत, माथे त्या बाजूला," स्वानंदी म्हणाली. "तिकडून धरल्याशिवाय इकडून सुटत नाहीत. एकाने दुसऱ्याला 'धर' म्हणायला हवं."

कोणी म्हटलं नाही. जाळीच्या दोन बाजूंना दोन भाऊ, एकाच्या हातात पाना, दुसऱ्याच्या हातात पक्कड. मधे फक्त दोन जनावरं. मोजणीचा अर्ज गेल्यापासून दोघं इतक्या जवळ आले नव्हते.

"करवत आहे माझ्याकडे," काका शेवटी आरोहीकडे बघत म्हणाले.

"आणा," आरोही म्हणाली. "मी पिंजऱ्यावर बसते."

ती खरंच बसली. पलीकडच्या दारात कमलाकाकू आल्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "चहा निवतोय. की तोही कापून आणू?"

काका उठले. बाबा जरा जास्त वेळ बसून राहिले, पाना गुडघ्यावर ठेवून. मग तेही उठले.

"मोजणीवाले येतील तेव्हा काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांगा," स्वानंदी म्हणाली. "फट मी पाडलीय. दगडांवर आकडे आहेत."

बोंडू कोपऱ्यात तसाच फुगून बसला होता. आठळ्याने जाळीला नाक लावलं आणि बारीक आवाजात शीळ घातल्यासारखा ओरडला. स्वानंदीने जाळीच्या दोन्ही अंगांना एकेक मूठ गवत टाकलं. आठळ्याने ओढायला सुरुवात केली. ती थांबून राहिली. पडवीतून हाक आली, पुन्हा आली. ती हलली नाही. बोंडूने मान पुढे केली, आणि एक काडी ओढली.

मोजणीवाले आले त्या सकाळी फट उघडीच होती आणि पिंजरा फटीतच होता. त्यांनी मोजणीची साखळी टाकायच्या आधी स्वानंदीने स्वयंपाकघरातला काटा गडग्यावर आणून ठेवला आणि बोंडूला त्यावर बसवलं.

एक हजार बावीस ग्रॅम.