अकरा एकांची संख्या

"उस्तादांनी ती संख्या नझीहाला दिलीय," मासळीबाजाराजवळच्या कॅफेत लमीनचा मित्र मुराद म्हणाला. "म्हणाले, फुटली तर हिच्याच हातून फुटेल."

लमीनने कॉफीचा पेला खाली ठेवला. "कुठली संख्या?" माहीत असूनही त्याने विचारलं.

स्फाक्स शहरातल्या सगळ्याच गणिताच्या मास्तरांना ती माहीत होती. एकापुढे एक, अकरा वेळा एक. उस्ताद शाझली ती फळ्यावर लिहून म्हणायचे, "हिला कशानेच भाग जात नाही असं मला वाटतं. खोटं ठरवा." कुणीच ठरवलं नव्हतं. आता उस्तादांची दृष्टी गेली होती, ते अंथरुणाला खिळले होते आणि नझीहा दर शुक्रवारी त्यांना पेपर वाचून दाखवायला जायची. लमीन आणि ती एकाच वर्गात शिकले होते, एकाच शाळेत शिकवत होते. उस्ताद तिला 'पोरी' म्हणायचे, याला हाकही मारायचे नाहीत. ते शल्य तेव्हाचंच.

लमीनने भागाकार सुरू केले. बावीसने भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्या तपासायच्या, एवढं त्याने शोधून काढलं. पण त्याही संपता संपेनात.

"कुसकुस गार झाला," बायको म्हणाली. "त्या बाईचं नाव लिहिलंय का हो त्या कागदांत?"

शाळेत नझीहाच्या बोटांना शाई दिसली, की त्याला वाटायचं, हिला अवयव सापडला.

एका शुक्रवारी दुपारी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग गेला. बाकी शून्य. त्याने उलट गुणून पाहिलं आणि तसाच उस्तादांच्या घरी निघाला. नझीहा तिथे असायलाच हवी होती.

ती होती. लमीनने दारातूनच दोन्ही अवयव सांगितले. नझीहाने पेपर बाजूला ठेवला, गुणाकार करून पाहिला. "बरोबर आहे," ती हळूच म्हणाली.

उस्तादांचा चेहरा फुलला. "शाबास, पोरी. मला ठाऊकच होतं."

"मी नाही, उस्ताद. लमीनने काढलं."

"लमीन कोण?"

नझीहाने मान खाली घातली.

"तुमचाच विद्यार्थी," लमीन म्हणाला. "हिच्या मागच्या बाकावर बसायचो."

"आठवत नाही रे बाबा. आणि तो दुसरा अवयव? पाच लाखांचा. तो फुटतो का?"

"नाही. फुटायचा तर त्याला सातशे सतराच्या आतला अवयव हवा. तिथल्या लागू पडणाऱ्या सगळ्या मूळ संख्या मी आधीच तपासल्यात."

उस्ताद हसले. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो. पहिल्यापासून सांग. सावकाश, मला दिसत नाही."

नझीहा उठली, आपली खुर्ची लमीनकडे सरकवून चहा करायला आत गेली. तो बसला. खुर्ची अजून उबदार होती.

"आधी बावीसच का, ते सांगतो," तो म्हणाला.