सात नंबरला न्यायला कोण आलं

वहिनींच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी एक क्लब भरायचा आणि त्या क्लबात साधा सभासद एकही नव्हता. होते ते तिघेही पदाधिकारी. वहिनींचे यजमान अध्यक्ष, कोपऱ्यावरचा चष्म्यांचा दुकानदार सचिव आणि कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाई खजिनदार. खजिना कधीच नव्हता, पण बाई त्या पदाला कुणाला हात लावू देत नसत. तिघं एकमेकांना हाकासुद्धा पदाने मारत. पुढे पुढे वहिनीही नवऱ्याला अध्यक्ष म्हणू लागल्या, आधी चेष्टेने आणि मग सवयीने.

क्लब होता एका सिनेमाचा. 'दिवा क्रमांक सात'. तिघांनी तो ऐन विशीत पाहिला आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं, असं वहिनींचं स्पष्ट मत होतं. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. दूर कुठल्या तरी ओसाड ग्रहावर एक दिवा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवणारा. त्याची राखण करायला एक मुलगी उतरते. तिला नाव नाही, सगळे तिला सात नंबर म्हणतात. ती पोचते तेव्हा दिवा बंद असतो, खोली रिकामी असते आणि खाटेवर एक ब्लँकेट असतं, नीट चौपदरी घडी घातलेलं, एक कोपरा आत दुमडलेला. घडी कुणी घातली, ते सिनेमा सांगत नाही. तिला सोडून यान निघून जातं, मुलगी मागे राहते, दिवा लावते. संपला सिनेमा.

एवढ्या भांडवलावर या लोकांनी पस्तीसेक वर्षं काढली. सात नंबरला न्यायला कुणी आलं की नाही, हा मुख्य वाद. आलं असणार, म्हणायचे अध्यक्ष. कुणी आलं नाही, माणसं अशीच विसरतात, म्हणायचा सचिव. खजिनदार बाईंचं तिसरंच: आले, पण ती गेली नाही. कप रिकामे व्हायचे, आवाज चढायचे, सचिव "मी राजीनामा देतो" म्हणून चपला घालायचा आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर.

वहिनींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पँटी उंचीला कमी करायच्या, चेन बदलायच्या, कोटाचं अस्तर उसवून नवं लावायचं, असली कामं. मशीनच्या घरघरीत आतलं बोलणं अर्धंमुर्धंच कानावर पडायचं. लग्न झाल्यावर अध्यक्षांनी त्यांना मोठ्या हौसेने तो सिनेमा दाखवायला नेलं होतं. वहिनी त्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांत बुडालेल्या. पडद्यावरची नावं संपायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. अध्यक्ष रागावले नाहीत, फक्त पुन्हा कधी विचारलं नाही. वहिनींना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. पण तेव्हा बोलायचं राहून गेलं, आणि राहिलेलं राहूनच जातं तसं ते राहिलं.

आणि मग एके दिवशी बातमी आली की दुसरा भाग येतोय. तोवर अध्यक्ष पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झाले होते. आयुष्यभर शहराच्या पाण्याच्या वेळा सांभाळलेला माणूस, घरी बसल्यावर त्याला स्वतःच्या वेळेचं काय करावं ते कळेना. सोमवार ते शुक्रवार ते खुर्चीत असायचे. शनिवारी मात्र दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि दुपारपासून दाराकडे बघायचे. वहिनी हे सगळं बघत होत्या. या माणसाला उभं धरून ठेवलंय ते या शनिवाराने, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला क्लब थाटात गेला. खजिनदार बाई नवीन साडी नेसल्या. थिएटरबाहेर ही गर्दी, डोक्यावर दिवे लावलेली कॉलेजची पोरंसुद्धा. खेळ सुटल्यावर निम्मी गर्दी डोळे पुसत होती आणि निम्मी तावातावाने बोलत होती. एकाने तर, मूळची नटी नाही म्हणजे सिनेमाच नाही, असं म्हणून तिकीट फाडून फेकलं. आमचे तिघं मात्र गप्प घरी आले.

"काय झालं शेवटी?" वहिनींनी चहा पुढे ठेवत विचारलं.

"न्यायला आले," खजिनदार बाई म्हणाल्या. "म्हातारी झालेली असते. दिवा बंद करते, घडीबिडी घालते आणि जाते त्यांच्याबरोबर."

"म्हणजे यांचंच खरं झालं की!"

"हो ना. अभिनंदन अध्यक्ष," सचिव म्हणाला आणि चहा अर्धा टाकून उठला. राजीनाम्याचं नावही काढलं नाही.

अध्यक्ष जिंकले होते, आणि जिंकलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसला होता. सिनेमा वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या घालण्यात वर्ष-दोन वर्षं मजेत गेली असती. सिनेमा चांगला होता, आणि त्याने सगळ्याची उत्तरं देऊन टाकली होती. अगदी ती घडीसुद्धा, जुन्याची आठवण म्हणून दाखवली, असं सगळ्यांनी मान्य केलं आणि टाळ्या वाजवल्या. आता भांडायचं कशावरून?

पुढच्या शनिवारी सचिवाला दुकानात काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी खजिनदार बाईंचं डोकं दुखलं. अध्यक्षांनी दाढी केली नाही. मग त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं, भिंतीवरचं जुनं पोस्टर उतरवलं आणि त्यात घातलं.

"हे काय चाललंय?" वहिनींनी विचारलं.

"कुणाला हवं असेल तर देऊन टाकू. संपलं ते आता."

आवाजात दुःखही नव्हतं, आणि तेच वहिनींना झोंबलं. पंपावरच्या शेवटच्या दिवशीही हा माणूस असा बोलला नव्हता. त्या रागावल्या. त्या सिनेमावर, त्या म्हातारीवर, तिला न्यायला आलेल्या लोकांवर. यायला एवढी वर्षं लावली होती, तर आणखी थोडी लावायला काय झालं होतं?

बुधवारी दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. नवऱ्याला सांगितलं, बॉबिन आणायला जाते, आणि गेल्या थेट थिएटरला. आपल्या नवऱ्याला काय खातंय, ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच मनात होतं. तिथे दोन्ही भाग लागले होते, दिवसभर आलटून-पालटून, एकाच तिकिटात. जुना धुवूनपुसून नवा केलेला. वहिनींनी विचारलं नाही की कुठला आधी आणि कुठला नंतर. नवा असो की जुना, गोष्ट आधी लावलेल्यापासूनच सुरू होणार, एवढं साधं असताना विचारायचं काय? तिकीट फाडणाऱ्यानेही सांगितलं नाही. इथे येणारं माणूस हे पोटातूनच शिकून येतं, अशी त्याची समजूत असावी.

या वेळी त्या जाग्या राहिल्या. पहिल्या खेळात डोळ्यांना पदर लावला, दुसऱ्या खेळात लावलेला पदर काढलाच नाही.

घरी आल्यावर त्यांनी सचिवाला फोन केला, खजिनदार बाईंना केला. "शनिवारी या. यांचं काही खरं नाही." दोघंही आले, आणि असे बसले की जणू घरात कुणीतरी गेलंय. अध्यक्षांनी "या" म्हटलं, तेवढंच. सचिवाने खोक्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. या खोलीत शनिवारी घड्याळ कधी ऐकू आलं नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आल्या, आणि ट्रे ठेवून परत जायच्या ऐवजी तिथेच उभ्या राहिल्या.

"मी पाहिले दोन्ही. बुधवारी."

तिघांनी वर पाहिलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर तर भीतीच होती, जणू आता ही झोप लागल्याचं सांगणार.

"बॉबिन आणायला गेली होतीस ना?"

"तेही आणलं. पण मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या. बोलायचं ठरवूनच आल्या होत्या. "ती म्हातारी सुटली बिचारी, बरं झालं. एवढी वर्षं एकटी काढली, जाताना घडी घालून, दिवा बंद करून, खोली आवरून गेली. पण नंतर ती नवी पोरगी येते, तिला कुणी काहीच कसं सांगत नाही? ती येते, ती घडी बघते, तिला कळतही नाही की आपल्या आधी इथे एक बाई म्हातारी होऊन गेली. आणि दिवा लावून बसते. हसत! मला तर तिथे रडूच आवरेना. तिचंही आता आयुष्य जाणार तिथे. हिला न्यायला कोण येणार? पुढचा भाग कधी आहे?"

सचिवाने कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुम्ही उलटा पाहिलात! दुसरा आधी पाहिलात! ती पोरगी म्हणजेच ती म्हातारी!"

वहिनींचे कान गरम झाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या खोलीत तोंड उघडलं आणि ते असं. "मग तसं लिहायला नको का त्यांनी बाहेर?" त्या म्हणाल्या. "दोघी वेगळ्या दिसतात. दोघींना सात नंबरच म्हणतात. मला वाटलं, जागेचं नाव आहे, जी येईल ती सात नंबर." त्या ट्रे उचलायला वाकल्या.

"थांबा," खजिनदार बाई म्हणाल्या. "ट्रे ठेवा खाली." त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि तो वर करायचं भान नव्हतं. "म्हातारी कुठे म्हणते की मीच ती मुलगी?"

"म्हणायला कशाला पाहिजे? दुसरा भाग आहे तो!" सचिव म्हणाला.

"दुसरा आला म्हणून नंतरचाच असतो का? आणि घडी? पस्तीस वर्षं विचारतोय आपण, घडी कुणी घातली. म्हातारीने घातली! आपल्या डोळ्यांसमोर घातली आणि आपण बावळटासारख्या टाळ्या वाजवल्या!"

"पण यान तेच आहे!"

"यानाचं नाव घेतलंय कुणी? दाखव मला कुठे घेतलंय!"

"न्यायला आलेला कप्तान म्हणतो ना, तुला सोडून गेलो होतो ते आम्हीच."

"तिला सोडलं होतं. पोरीला कुठे?"

"हे साफ चूक आहे," सचिव उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि कित्येक दिवसांनी तो सुखी दिसत होता. "हे जर क्लबाचं अधिकृत मत होणार असेल, तर मी या क्षणी राजीनामा देतो!"

"दे!" खजिनदार बाई ओरडल्या.

अध्यक्ष मात्र अजून गप्पच होते. वहिनींचं सगळं लक्ष त्यांच्याकडे. हे दोघं भांडले काय आणि न भांडले काय, तो माणूस खुर्चीतून हलला नाही तर सगळं पाण्यात. अध्यक्ष खाली बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ती पोरगी अजून तिथेच आहे?"

कुणालाच विचारलं नव्हतं ते, पण वहिनी म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा तर होती."

अध्यक्ष उठले. खोक्यातून पोस्टर काढलं, गुडघ्यावर उलगडलं आणि त्या जुन्या चित्रातल्या मुलीकडे, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, बघत राहिले. सचिव चपला घालता घालता थांबला.

"तिसरा भाग येणार नाही हो," तो म्हणाला, पण आवाज खाली आला होता. "आणि आला तरी एवढीच वर्षं लागली तर आपण कुठे असणार?"

"नसू," अध्यक्ष म्हणाले. "पण म्हणून काय पोरीला आत्ताच सोडून द्यायचं?" त्यांचा आवाज फुटला. मोठ्या माणसाने अशा वेळी खोकावं तसे ते खोकले, पण खोकून काही लपलं नाही, आणि बाकी तिघांनीही ते लपल्याचं सोंग केलं नाही. खजिनदार बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग अध्यक्ष बायकोकडे वळले. इतक्या वर्षांचं त्यांना काही तरी म्हणायचं होतं हे दिसत होतं, आणि ते जमणार नाही हेही दिसत होतं. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"बस ना," ते म्हणाले. "तुला काय वाटतं? कोण येईल तिला न्यायला?"

वहिनींना एकदम भरून आलं. दुकानात कुणाची तरी पँट अर्धी उसवून पडली होती, तासाभरात न्यायला येणार होते. त्या खुर्चीत बसल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण मध्ये कुणी बोलायचं नाही."

आणि सचिव लगेच मध्ये बोलला.