कोबीवरची मच्छरदाणी

आमच्या पेडगावात कोबी लावणारा पहिला माणूस माझा दीर दत्तराव, आणि ती त्यानं खाण्यासाठी लावली नव्हती. बायकोनं आपल्याशी बोलावं म्हणून लावली होती.

माझी धाकटी जाऊ केवळा वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ताट वाढायची आणि बाजूला बसायची. काही सांगायचं झालं तर मला सांगायची, मग दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून मी ते दत्तरावला सांगायचे. मला मेलीला तेवढंच काम! पण तिला दोष तरी कसा देऊ? तिचं तान्हं पोरगं थंडीतापानं गेलं होतं. आणि त्याला माती देऊन घरी आल्यावर, हातपाय धुवायच्याही आधी, दत्तराव सगळ्यांदेखत बोलला होता, "जाळी नीट खोचली नसंल हिनं. मच्छर आत गेलं."

जाळी म्हणजे मच्छरदाणी. केवळाचा भाऊ किशनराव निजामसरकारच्या रेल्वेत, परभणीच्या ठेसनावर हमाल होता. तिथल्या साहेबाच्या बंगल्यावरची जुनी मच्छरदाणी मागून घेऊन, पाळण्याच्या मापाची शिवून त्यानं भाच्यासाठी आणली होती. आणली आणि आठवडाभरात भाचा गेला.

दत्तराव वाईट माणूस नव्हे, तोंडाचा फटकळ. पण 'चुकलं' हा शब्द या घरातल्या पुरुषांना कुणी शिकवलाच नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. म्हणून मग कोबी. पोटुशी असताना केवळाला कोबीच्या भाजीचे डोहाळे लागले होते, परभणीला भावाकडे एकदा खाल्ली होती तिनं. तेव्हा दत्तरावनं ते हसण्यावारी नेलं होतं. आता तोच दिवाळी सरल्यावर त्याच साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून ओल्या फडक्यात रोपं गुंडाळून घेऊन आला आणि आडाजवळ वाफा करून बसला.

रोपं जोमानं धरली. पानं तळहाताएवढी झाली आणि पांढरी फुलपाखरं यायला लागली. दत्तराव उपरणं घेऊन त्यांच्यामागं धावायचा. मला हसू आवरेना.

"भावजी, फुलपाखरामागं पळायचं वय हाय का तुमचं?"

"हसू नका, वैनी. फुलपाखरू बसलं की कोबी गेली, असं माळी म्हणलाय. जाळी टाक म्हणला."

त्यानं आधी जुनं धोतर टाकलं. ऊन लागेना, रोपं पिवळी पडली. मग भोयाकडून मासे धरायचं जाळं आणलं. त्यातून फुलपाखरं खुशाल आतबाहेर करत राहिली. एका दुपारी मी केवळाजवळ डाळ निवडत बसले होते, तर हा दारात उभा राहिला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "ती जाळी हाय का घरात?"

मला असा राग आला! पण केवळा उठली. ट्रंक उघडून तिनं मच्छरदाणी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. घडी मोडली तेव्हा वेखंडाचा वास आला. तान्ह्या लेकराचा वास. मी तोंड फिरवलं.

दत्तरावनं काठ्या रोवल्या. जाळी पाळण्याच्या मापाची, तिच्यात चारच रोपं मावत होती. बाकीची बाहेर राहिली. तो जाळी पसरणार एवढ्यात केवळा खाली वाकली. तिनं एक पान उलटं केलं आणि खालच्या बाजूला बोट दाखवलं.

"आवं, हितं बघा—"

वर्षानं तिच्या तोंडून त्याच्यासाठी निघालेले शब्द होते ते. आणि हा खेकसला, "बोट दाखवू नगं! कोवळ्या फळाला बोट दाखवलं की सडतंय, ठाऊक न्हाई?"

ते आम्ही सगळेच मानतो. वेलीवरची काकडीसुद्धा आम्ही बोट मुडपून दाखवतो. केवळानं बोट मुडपलं, हात पदराखाली घेतला आणि ती घरात निघून गेली. त्यानं जाळीची कड चारी बाजूंनी मातीत दाबली, वर दगड ठेवले. दृष्ट लागू नये म्हणून काठीला जुनी वहाण टांगली. जाळीला कुणी हात लावायचा नाही, असं मला बजावलं. स्वतः लांबूनच बघायचा. आत हिरवं दिसायचं, तेवढ्यावर तो खूश.

बाहेरच्या रोपांवर साळुंक्या येऊन टोचत राहायच्या. त्यांच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं.

संक्रांत झाल्यावर त्यानं आम्हा दोघींना बोलावलं. पहिला गड्डा केवळाच्या ओटीत घालायचा होता. मोठ्या हौसेनं त्यानं जाळी उचलली.

आत नुसत्या शिरा उरल्या होत्या. देठादेठावर हिरव्या आळ्या, आणि जाळीच्या कोपऱ्यात एक पांढरं फुलपाखरू फडफडत होतं. बाहेरच्या रोपांना भोकं पडली होती, पण गड्डे धरले होते. तिथल्या आळ्या साळुंक्यांनी वेचून खाल्ल्या होत्या. आतल्यांना कोण खाणार? त्यांना तर आपणच झाकून ठेवलं होतं.

"पन मी तर चांगली खोचली व्हती," दत्तराव म्हणाला. "चारी बाजूंनी खोचली व्हती!"

म्हणाला आणि त्यानं जाळी खाली ठेवली. स्वतःचंच बोलणं त्याच्या कानावर पडलं असावं.

"अंडी आदीच व्हती पानामागं," केवळा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जाळी टाकायच्या आदी. तेच दाखवत व्हते तुमाला." मग म्हणाली, "लेकराचं आंग बी आदीच तापलं व्हतं. दादा जाळी घिऊन आला त्याच्या आदल्या राती. म्या सांगितलं व्हतं. लेकराचं आंग ऊनच असतंय म्हणलात."

मला वाटलं, हा नाही म्हणेल, भांडेल. तो मातीत बसला.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला. "माती दिली तवाच ठाऊक व्हतं."

म्हणजे सगळ्यांदेखत तो बोलला, ते माहीत असून बोलला. केवळा त्याच्याकडं बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं जाळी उचलली, एकेक आळी हलक्या हातानं काढून टाकली, जाळीची घडी घातली आणि छातीशी धरली. मग माझ्याकडं वळली.

"जाऊबाई, ह्यांना सांगा, जाळी धुवायला आडाचं पानी काढून द्या म्हणावं."

तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसला होता. तरी मी त्याला सांगितलं.